वाजवून निवडलेले बारा

लातूर,
१२ नोव्हेंबर १९९५

आदरणीय सर,

‘आदरणीय’ हा शब्द हाताच्या सवयीनं लिहिला गेला. खोडला असता, पण दुसरा कागद आणायला वेळ नाही. साडेपाचची बॅच दारात उभी आहे.

सोबत एक पत्रक जोडलं आहे, ते आधी वाचा. आमच्या नव्या कवठाळीत ठेकेदाराच्या माणसांनी ते काल पत्र्याच्या प्रत्येक शेडमध्ये वाटलं. ‘सिमेंट ब्लॉकची सरासरी ताकद पन्नास असल्याचे नांदेडच्या तज्ज्ञ प्राध्यापकांनी सिद्ध केले.’ त्याखाली तुमचं पूर्ण नाव, डिग्रीसकट. तीन वर्षं ज्यांच्यासमोर पहिल्या बाकावर बसून मी संख्याशास्त्र शिकले, त्यांचं नाव मला ठेकेदाराच्या कागदावर वाचायला मिळालं.

आता दुसरी बातमी. परवा शरणप्पाकाका आपल्या नव्या घरात देवाचा फोटो लावायला गेले. ताबा अजून मिळायचा आहे, पण म्हाताऱ्याला राहवलं नाही. खिळ्यावर दोन हातोडे बसले आणि ब्लॉकचा भुगा काकांच्या चपलेवर सांडला. खिळा तसाच हातात राहिला. हा तुमचा पन्नास!

एक चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोचा भार सोसेल असा ब्लॉक देईन, असं ठेकेदारानं कागदावर लिहून दिलंय. ते खरं की खोटं हे कुणीतरी बाहेरच्या, नि:स्पृह माणसानं तपासावं म्हणून गावाच्या समितीला मीच तुमचं नाव सुचवलं होतं. बाबा आणि भाऊ सिद्धलिंग भूकंपात गेले ते दगडमातीच्या भिंतीखाली. आई त्या रात्री शेतातल्या कोठ्यावर गुरांपाशी होती म्हणून वाचली. दोन पावसाळे तिनं पत्र्याखाली काढलेत. एकतीस डिसेंबरला ताबा पावतीवर सगळ्यांची दस्तखतं आहेत, आणि एकदा दस्तखत झालं की ठेकेदार मोकळा. मग आईच्या डोक्यावर काय पडायचं ते पडो.

सर, एकच विचारते. ठेकेदाराची जीप आली होती का तुमच्याकडे?

शिवकांता

०

नांदेड,
१७ नोव्हेंबर १९९५

शिवकांता,

तुझं पत्र इंदूनं आधी उघडलं. माझी बायको मला तीस वर्षं ओळखते, तरी तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहून विचारलं, “कसली हो जीप?” एवढं तू साधलंस. अभिनंदन.

जीप आली नाही. धर्माबादला मिरची भरायला निघालेला एक रिकामा ट्रक आला होता, त्यात तुझ्या गावचे बारा ब्लॉक होते. ते मी आणि एका रिक्षावाल्यानं उतरवले. विष्णुपुरीला प्रयोगशाळेत नेऊन एकेक दाबयंत्राखाली ठेवला, आणि ज्या आकड्याला तो फुटला तो आकडा लिहून घेतला. त्या दिवसापासून माझी कंबर धरलेली आहे. बदल्यात मला काय मिळालं ते तुझ्या पत्रात आहेच.

मी समितीला काय लिहिलं होतं ते पुन्हा लिहितो. डोळे उघडे ठेवून वाच. ‘बारा ब्लॉकांची सरासरी ४९.१, प्रमाण विचलन ४.२. ढिगाची खरी सरासरी पन्नास आहे हा दावा नाकारण्याइतका पुरावा या नमुन्यात मिळत नाही.’ यात ‘सिद्ध’ हा शब्द कुठे आहे? दाखव मला.

ढिगाची खरी सरासरी पन्नास असली तरी बाराच ब्लॉक उचलले तर त्यांची सरासरी एखाद-दीडनं इकडेतिकडे होणारच. म्हणून तर टी काढायचा, पडलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते मोजायला. तो आला उणे ०.७४. दावा फेकून द्यायला तो उणे १.८० च्या खाली जायला हवा होता. गेला नाही. मी एक दार वाजवलं आणि आतून कुणी ओ दिली नाही, एवढंच मी लिहिलं. घर रिकामं आहे असं तुम्ही लोकांनी छापून वाटलंत! हा फरक मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेन? पहिल्या बाकावर बसून तू काय करत होतीस, वेणी घालत होतीस?

आता माझे दोन प्रश्न. ‘नाकारता येत नाही’ याचं ‘सिद्ध झालं’ कुणी केलं? आणि ते बारा ब्लॉक ढिगातून काढले कसे? मी बजावून लिहिलं होतं, थप्प्यांना नंबर घाला, चिठ्ठ्या टाका, ज्याची चिठ्ठी निघेल तोच उचला, मग तो चांगला असो की वाईट. शितावरून भाताची परीक्षा होते, पण आधी पातेलं ढवळावं लागतं. तू उत्तर दिलं होतंस, ‘नमुना आपल्या सूचनेप्रमाणे काढला.’ कार्ड माझ्यासमोर आहे. अक्षर तुझंच आहे ना?

रेणुकादास

०

लातूर,
२४ नोव्हेंबर १९९५

सर,

कार्ड माझंच आहे. आणि मी तिथे नव्हते.

तुम्हाला इथलं माहीत नाही. पहाटे साडेपाचला बारावीचं गणित, मग कॉलेज, संध्याकाळी बी.एस्सी.ची स्टॅटिस्टिक्स. एका गोदामात सव्वाशे मुलं दाटीवाटीनं बसतात, मागच्यांना फळा दिसत नाही म्हणून मी ओरडून शिकवते. गल्लीगल्लीत क्लास निघून राहिलेत. एक रविवार सुट्टी मागितली तर क्लासचे मालक आलोक सर म्हणतात, “मॅडम, बाहेर तुमच्या जागेसाठी चार जण उभे आहेत.” कवठाळीला जायचं तर एक दिवस मोडतो. म्हणून सूचना मी आईला सांगितल्या. दोनदा सांगितल्या. चिठ्ठ्यासुद्धा करून दिल्या. ती हो म्हणाली आणि मी तुम्हाला कार्ड टाकलं.

पण आईवर डोळे वटारू नका. केवळाबाईला फसवणारा माणूस आमच्या तालुक्यात जन्मायचा आहे. बाजारात ती उभी राहिली की मापाडी माप नीट धरतो. ठेकेदाराच्या मुकादमानंच रस्त्यात ब्लॉक बदलले असणार. ट्रकमध्ये कुणी बसलं होतं? तुम्ही ते विचारलंत? तुमचं ते दाबयंत्र, तुमचा तो तक्ता, दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे, सगळं नीट. आणि समोर आलेला माल कुठून आला हे विचारायचं सुचलं नाही. प्राध्यापक लोकांचं हे असंच.

‘सिद्ध’चं मला माहीत नाही. ठेकेदारानं घातलं असेल, नाही तर समितीनं.

सरपंच लिंबाजीमामांना मी फोन केला होता. ते म्हणतात, आता नवीन खुसपट काढू नका, लोक कंटाळलेत, लोकांना घर पाहिजे. आईसुद्धा तेच म्हणते. मी तिला शरणप्पाकाकांचा खिळा सांगितला, तर म्हणाली, “त्येला खिळा मारता येत न्हाई.”

सदतीस दिवस राहिलेत. भांडायला तुम्ही पुढच्या वर्षीही असाल. आत्ता काय करायचं ते सांगा.

शिवकांता

०

नांदेड,
२ डिसेंबर १९९५

शिवकांता,

काय करायचं ते सांगण्याआधी मी स्वतः कवठाळीला जाऊन आलो. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू आधी आईला पढवलं असतंस. मला तुझा आता एवढा भरवसा राहिलेला नाही, हे स्पष्टच लिहितो.

तीन एस.टी. बदलून दुपारी पोचलो. तुझ्या आईनं शेडच्या दारातून विचारलं, “कोन पायजे?” नांदेडचा, शिवकांताचा सर, असं सांगताच घोंगडी अंथरली, पाणी दिलं, भाकरी आणि दाण्याची चटणी पुढे ठेवली. मी पहिला घास घ्यायच्या आत तिचा प्रश्न आला, “आमचे ठोकळे बराबर पोचले का गुर्जी? एकबी पिचला न्हाई ना?”

म्हटलं, नाही पिचला. कुणी काढले होते?

“म्या निवडले. दोन दिस लागले मला.”

मी भाकरी खाली ठेवली. ती मला ढिगापाशी घेऊन गेली. घरं बांधली त्याच मालाच्या चाळीस थप्प्या उरल्या आहेत, दर थप्पीत शंभर. वाकून तिनं बोटाच्या पेरानं एक ब्लॉक वाजवला, कान लावला. “हे बद्द बोलतंय. सोडा.” दुसरा वाजवला. “हेबी बद्द.” चौथा की पाचवा ठण्ण वाजला तशी माझ्याकडे बघून हसली. “घागर घेताना बाई वाजवून घेती का न्हाई? तसं.”

“आणि चिठ्ठ्या?” मी विचारलं.

“पोरीनं दिल्या हुत्या की. पर चिठ्ठी टाकून कुनाच्या घरी जिन्नस धाडतेत का? गुर्जीच्या घरी जायचा माल! पावन्याच्या ताटात आमी करपलेली भाकर वाढत न्हाई.”

कळलं? मुकादम नाही, ट्रक नाही, जीप नाही. चार हजार ब्लॉक एका बाईनं दोन दिवस उन्हात वाजवले, त्यातले बारा उत्तम काढले, धुतले, प्रत्येकाला कडब्याची पेंडी बांधली आणि मास्तरच्या घरी पाठवले. भूकंपानं नवरा नेला, मुलगा नेला, घर नेलं, पण बाहेर पाठवायची वस्तू चांगलीच असली पाहिजे ही तिची रीत काही गेली नाही. तिच्यावर मला रागावता येईना, आणि म्हणून मला जास्तच राग आला.

शेडपाशी परतल्यावर म्हणाली, “ते बारा परत कवा धाडताव? कोपऱ्याला लावायला चांगले हायेत.” मी सांगितलं, बाई, ते यंत्रात फुटेपर्यंत दाबावे लागतात, तसंच कळतं. “समदे फोडले?” “सगळे.” तिनं माझं ताट उचलून आत नेलं.

आता ‘सिद्ध’. ठेकेदारानं छापलं खरं, पण तो शब्द त्याचा नाही. लिंबाजी सरपंच पंचायतीच्या ओट्यावर चार लोकांसमोर म्हणाले, “शिवकांताबाईचा फोन आल्ता. बोलल्या, पास झालं, सिद्ध झालं म्हनून. म्या भोंग्यावर सांगितलं. ठेकेदारानं तितूनच उचललं.” तू मला लिहिलंस, ‘मला माहीत नाही.’ तू मला जीप विचारलीस, शिवकांता!

आणि मला आश्चर्य वाटायला नको होतं. आरती नावाची माझी एक विद्यार्थिनी तुमच्या क्लासच्या नोट्सची झेरॉक्स घेऊन वर्गात येते. त्यात चौकटीत लिहिलंय, ‘टी लहान आला की दावा स्वीकारा. म्हणजे सिद्ध.’ खाली तुझं नाव. पेपरात मार्क मिळतात म्हणून तू सव्वाशे मुलांना जे घोकायला लावतेस, तेच तुझ्या तोंडून फोनवर बाहेर पडलं. त्याच्यावर गाव दस्तखत करायला निघालंय.

आता माझी अक्कल. धुतलेले, पेंडी बांधलेले बारा ब्लॉक माझ्या ओसरीवर उतरले आणि मला काही खटकलं नाही. आकड्यांत फारसा चढउतार नव्हता. ठेकेदारानं गावात पाडलेल्या ब्लॉकांत एवढा सारखेपणा कुठून येईल, हे विचारायला मला पगार मिळतो. मी त्या ४.२ कडे बघून खूश झालो. छान स्वच्छ नमुना, म्हटलं. एवढंच मला शिकवता येतं आणि तेवढंच मी चुकलो.

पंचवीस ब्लॉक काढ. दोन मडक्यांत चिठ्ठ्या घाल, एकात थप्पीचा नंबर, दुसऱ्यात थप्पीतल्या ब्लॉकचा. या वेळी तू स्वतः उभी राहा. क्लास बुडाला तर बुडू दे.

रेणुकादास

०

लातूर,
११ डिसेंबर १९९५

सर,

हो, फोनवर मी बोलले. दोन तासांच्या मधे, मागे मुलांचा गलका, समितीला लिहिलेल्या तुमच्या पत्राची प्रत हातात. ‘नाकारण्याइतका पुरावा नाही’ हे लिंबाजीमामांना कसं सांगायचं ते सुचेना. म्हटलं पास. त्यांनी विचारलं, म्हंजी सिद्ध? मी हो म्हटलं. मग तुमचं नाव पत्रकावर पाहिलं आणि मला इतकी भीती वाटली की तुमच्यावरच उलटले. माफी मागायची माझी लायकी नाही, म्हणून मागत नाही.

पण माझ्या आईसमोर तुम्ही ‘सगळे फोडले’ म्हणून सांगून आलात, ते तुम्हाला कधी माफ करणार नाही. चार दिवस ती त्या ढिगाकडे फिरकली नाही.

रविवारी गेले. कुणालाही विचारलं नाही, संध्याकाळच्या बॅचची अकरा मुलं सोबत घेतली. म्हटलं, घोकलंय ते बघा एकदा डोळ्यांनी. थप्प्यांना खडूनं नंबर घातले. दोन मडकी आईच्याच शेडमधून आणली. आई बाजूला बसून सगळं बघत होती.

तिसरी चिठ्ठी निघाली ती एकोणीस नंबरच्या थप्पीची, चौऱ्याहत्तरावा ब्लॉक. त्याचा एक कोपरा उडालेला होता आणि मधे केसाएवढा तडा. मुलांनी तो उचलून टेम्पोपाशी ठेवला. आई उठली, तो ब्लॉक पोटाशी धरून परत नेऊन थप्पीवर ठेवला आणि त्याच्यापुढे उभी राहिली.

“हे फुटकं न्यायचं? कवठाळीचं नाव घेऊन? लाज न्हाई वाटत?”

मी म्हटलं, आई, चिठ्ठी निघाली, तोच न्यायचा.

“चिठ्ठीला काय कळतंय!” मग आवाज चढला. “तुला घर नगं, तुझी लातुरात खोली हाय. मला घर पायजे. तुझ्या हिशेबापायी आनिक एक उन्हाळा पत्र्याखाली भाजू का मी? पास झालं हुतं की. तूच बोल्लीस ना पास झालं?”

मुलांसमोर, गावासमोर. मी तिला धरून बाजूला केलं. सर, मी माझ्या आईला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि तो ब्लॉक टेम्पोत ठेवला. बाकीचे बावीस निघेपर्यंत ती तिथेच उभी होती. प्रत्येक ब्लॉक टेम्पोत चढायच्या आधी तिनं पेरानं वाजवला. अडवला एकही नाही. नुसता वाजवायची आणि माझ्याकडे बघायची.

क्लासमधून मला काढलं. बॅच बुडवली म्हणून नव्हे. आमच्या दारावर पाटी आहे, ‘आमच्या विद्यार्थ्यांची सरासरी ९१ टक्के’. गुणपत्रिका घेऊन पेढे द्यायला जे येतात त्यांचीच ती सरासरी. बाकीचे येतच नाहीत. इतके दिवस मी त्या पाटीखालून ये-जा केली. आज सकाळी आलोक सरांना म्हटलं, ही पाटी आणि माझ्या आईचे बारा ब्लॉक यांत फरक एवढाच की आईनं ते आदरानं केलं. त्यांना आवडलं नाही.

टेम्पोनं लातूरला आणलेले पंचवीस ब्लॉक उद्या निघतील. या वेळी ट्रकमध्ये मी बसून येतेय. तुमच्या घरी चहा घेणार नाही.

शिवकांता

०

नांदेड,
२१ डिसेंबर १९९५

शिवकांता,

चहा घेतला नाहीस तरी इंदूनं केलेला डबा नेलास, म्हणून तिनं मला तुझ्यावर ओरडायला मनाई केली आहे. मी तरी थोडा ओरडणार.

निकाल: पंचवीस ब्लॉक. सरासरी ४४.१. प्रमाण विचलन ९.५. टी उणे ३.१०. या वेळी उणे १.७१ च्या खाली गेला की दावा पडतो. तो कितीतरी खाली गेला. ढिगाची खरी सरासरी पन्नास असती, तर पंचवीस ब्लॉकांची सरासरी एवढी खाली यायची वेळ हजारात दोनतीनदा आली असती. म्हणून ठेकेदाराचा दावा मी नाकारतो. समितीला आणि वर पुनर्वसनाच्या साहेबांना रजिस्टर पत्रं गेली. प्रत सोबत आहे.

तुझ्या आईनं अडवलेला तो एकोणीस-चौऱ्याहत्तर बावीसलाच गेला. यंत्राचा हात नीट टेकलासुद्धा नव्हता.

आणि आता जे लिहितोय ते तू तिला वाचून दाखव. पहिले बारा आठव. चार हजारांतून कान लावून निवडलेले, गावातले सगळ्यांत ठणठणीत बारा. त्यांची सरासरी ४९.१ होती. पन्नास नव्हती. त्या बाईनं आपली सगळी हुशारी लावून ठेकेदाराला जिंकवायचा प्रयत्न केला, तिच्या नकळत, आणि तरी तो पन्नासाला पोचला नाही! हे तेव्हाच माझ्यासमोर कागदावर पडलं होतं. मी त्याला नशिबाचा चढउतार म्हणालो, कारण नमुना ढवळून घेतलाय असं मी धरून चाललो होतो. पंधरा दिवस झाले, मला जेवण गोड लागत नाही.

एक बजावतो. लोकांना ‘घरं पडणार हे सिद्ध झालं’ म्हणून सांगू नकोस. मी एकही घर तपासलेलं नाही. ढिगाची सरासरी पन्नास नाही, एवढंच म्हण. या वेळी एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर मी कवठाळीला येऊन भोंग्यावरून तुझं नाव घेईन.

दस्तखताला दहा दिवस आहेत. लोक ऐकतील का?

रेणुकादास

०

कवठाळी, नवी वस्ती,
१६ जानेवारी १९९६

नांदेडचे गुर्जी यास केवळाबाई मलप्पाचा शरणार्थ. लिवणार शिवकांता. तिला सांगितलंय, मी बोलते तसंच लिव, तुझं शानपन घालू नगंस. एकदा घातलंस तेवढं बास.

गुर्जी, मी तुमच्यावर लई रागात हाय.

पोरीनं तुमचं पत्र वाचलं तवा मी तिला तीनदा वाचाय लावलं. माझे बारा पन्नास न्हाईत. मला खरं वाटंना. मी दोन दिस वाजवले, बोटाची साल गेली. मला वाटलं, पोरगी खोटं वाचून राहिली.

मंग येकोनतीस तारखेला सभा झाली. लिंबाजी बोलला, दस्तखत करून टाकू, पुढचं पुढं बघू. समदे हाव म्हनले. म्हननारच की. त्येंच्यात मीबी हुते. लेकरं पत्र्यात तापानं फनफनतेत, विंचू निघतेत, सुनांला न्हायाला आडोसा न्हाई. ठेकेदाराचा मानूस शाईचं पॅड घिऊन बसला हुता. शिवकांता उठली, सरासरी बिरासरी बोलाय लागली, कुनाला कळंना. लोक वरडले, बस खाली. माझ्या पोरीला बस खाली म्हनले.

तवा मी उठले. म्हनलं, चार हजारातले बारा मी निवडले. ह्या हातानं. गावात कुनाचा कान माझ्यापरीस चांगला आसंल त्येनं म्होरं यावं. कोनी आलं न्हाई. म्हनलं, माझे बारा यंत्रात घातले, तेबी पन्नास भरले न्हाईत. मंग पन्नासचे कोन्ते हायेत? दावा मला. त्या मानसाला म्हनलं, ऊठ, चल ढिगापाशी, तू निवड. त्येनं पॅड झाकलं.

शरणप्पानं पयल्यांदा आंगठा मागं घेतला. मंग येकेक करून समद्यांनी.

आता साहेब यिऊन गेले. पंधरा ठिकानी भिंत उकरून बघितली. घरांच्या दोन वळी पाडायच्या ठरल्या. दुसऱ्या वळीत माझं घर हाय. त्येच्या दाराला मी सन झाला तवा तोरन बांधून आले हुते, कुनाला न सांगता. परवा जाऊन सोडून आनलं. म्हंजे उन्हाळा पत्र्याखालीच, पोरीला बोल्ले हुते तसंच. ती आता हितंच हाय, साळंत शिकवायचं बघून राहिली. दंडाला धरल्यालं मी इसरले न्हाई, ती इसरली आसंल तर इसरू द्या.

नवे ठोकळे पाडाय लागलेत. मी न आनिक सा बाया रोज जाताव. समदे वाजवून घेताव, बद्द वाजला की चुना लावून बाजूला. ठेकेदार वरडतो. वरडू द्या. शिवकांता बोलती, आई, तुझ्या वाजवन्यानं तडा कळतो, आकडा कळत न्हाई. म्हनून दर आठ दिसाला चिठ्ठ्या टाकून पंचवीस तुमच्याकडं धाडनार हाव. मडकी माझीच. चांगला निघू द्या, फुटका निघू द्या, मी हात लावत न्हाई. जीव वर-खाली हुतो पर लावत न्हाई.

पर मला ह्ये सांगा. पयल्यांदाच तुमी कुनी मला का बोल्ला न्हाई, की फुटकंबी धाडायचं आसतंय? चिठ्ठ्या दिल्या, नंबर सांगितले. कशापायी ते कुनी सांगितलं न्हाई. अडानी बाईला काय सांगायचं, आसंच ना? सांगितलं आसतं तर मला कळलं आसतं. गावात चांगले बारा ठोकळे हुते. ते मी तुमाला दिले आन तुमी ते फोडले. उरलेले माझ्या डोक्यावर बसनार हुते, न मीच आंगठा देनार हुते. आसंच दगडाच्या भिंतीला मी सारवत हुते वर्सानुवर्स. ती त्येंच्यावर न लेकावर पडली. तीबी कुनी वाजवून बघितली नव्हती.

घर झालं की तुमी न इंदूबाई या. ताट चांगलंच वाढंन, त्येच्यात चिठ्ठी टाकनार न्हाई. जेवन झाल्यावर तुमी भायेर उभं ऱ्हाऊन भिंत वाजवा. मी आत बसते. बद्द वाजली तर मला लगीच हाक मारा, लिवत बसू नगा.

केवळाबाई